वाडी राखणारी माणसे



शिळफाट्यावर एस. टी.ची वाट पाहत उभे राहिले, की माणसासमोर तीन वाटा असतात. एक खोपोलीतून बोरघाट चढून पुण्याला जाते, दुसरी खालापूर-चौकावरून मुंबईला, आणि तिसरी पालीकडे. या तीन वाटांच्या बेचक्यातच माझे लहानपण गेले आणि आता नोकरीही तिथेच चालू आहे. आज मी तुम्हांला मुंबईच्या वाटेने नेणार आहे. तिच्या दुसऱ्या टोकाला, गिरगावात, एक वाडी आहे. ती वाडी कशी वसली आणि तिथल्या शेजाऱ्यांनी ती कशी राखली, याची ही हकिगत आहे. ती ऐकताना आपापले गाव डोळ्यांपुढे ठेवा, एवढीच विनंती.

‘वाडी’ हा शब्द आपल्याला नवा नाही. कर्जत-खालापुरात ठाकरांची वाडी आहे, कातकऱ्यांची वाडी आहे. गाव मोठे, वाडी लहान. पाचपन्नास घरे, एक पाणवठा, एक देव. गिरगावातही फणसवाडी आहे, केळेवाडी आहे, कांदेवाडी आहे, आंबेवाडी आहे. नावे ऐकली की कळते, इथे एकेकाळी बागा होत्या. आज तिथे ट्रॅमसुद्धा उरली नाही, मग फणस कुठले! पण नावाने आपली ओळख सोडली नाही. यांपैकीच एक खोताची वाडी.

मुंबईचा इतिहास आपण शाळेत शिकतो तो राजांचा आणि गव्हर्नरांचा. १५३४ साली वसईच्या तहाने ही बेटे पोर्तुगीजांकडे गेली. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहाच्या करारात ती इंग्लंडच्या राजाला मिळाली. १६६१ हे साल आपल्या तालुक्याला चांगले आठवते. त्याच वर्षी २ फेब्रुवारीला, पालीच्या वाटेवर चावणीजवळ उंबरखिंडीत, शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडून शरण आणली. इकडे खिंडीत मोगल सेनापती अभय मागत होता, आणि पाचच महिन्यांच्या आत तिकडे लंडनमध्ये मुंबई कागदावर हात बदलत होती. पुढे १६६८ साली राजाने ती वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.

पण राजे बदलले तरी बेटावर माणसे होतीच. कोळी होते, भंडारी होते, कुणबी-आगरी होते, पाठारे प्रभू होते. त्यांची लहान लहान गावे होती. माझगाव, परळ, वरळी, गिरगाव ही आज शहराच्या भागांची नावे वाटतात. ती मुळात गावांची नावे आहेत. मुंबई हे एक शहर वाढत गेले असे आपण म्हणतो. खरे पाहता पुष्कळ गावे एकमेकांना चिकटली आणि त्यांवर शहर चढले.

आता या वाडीच्या नावाकडे येऊ. ‘खोत’ हा शब्द रायगडच्या माणसाच्या कानाला गोड लागत नाही, हे मी जाणतो. सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणारा तो खोत. पण गोळा करता करता तो गावाचा धनीच होऊन बसला. या खोतीविरुद्ध अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत, तब्बल सहा वर्षे, जमीन कसायची नाही असा संप केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. शेवटी १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आला आणि ही पद्धत गेली. ज्या नावाने आपल्या आजोबांच्या पोटात गोळा येई, तेच नाव गिरगावातल्या एका गल्लीला प्रेमाने चिकटलेले आहे. इतिहासात असे होते. एकच शब्द दोन ठिकाणी दोन आयुष्ये जगतो.

गिरगावच्या जमिनीचे हे मालक दादोबा वामन खोत. ते पाठारे प्रभू. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी आपल्या जमिनीचे तुकडे पाडून ते घरे बांधायला दिले. घेणारी बहुतेक कुटुंबे स्थानिक ख्रिस्ती होती. त्यांना पुढे ‘ईस्ट इंडियन’ असे नाव पडले.

या नावाचीही एक गंमत आहे. ही मंडळी कुठून बाहेरून आलेली नाहीत. वसई, साष्टी आणि मुंबई इथल्याच कोळी, भंडारी, कुणबी अशा जातींतल्या कुटुंबांनी पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्म बदलला, आडनावे बदलली. पण घरात मराठीचीच एक बोली राहिली, बायकांच्या अंगावर लुगडे राहिले, आणि वर्षाचा मसाला उन्हात वाळवून, कुटून, बाटल्यांत भरून ठेवायची रीतही राहिली. त्याला ते ‘बाटली मसाला’च म्हणतात. आपल्या आयाबहिणी उन्हाळ्यात दुसरे काय करतात? पुढे गोव्याहून आणि मंगळुराहून ख्रिस्ती लोक नोकरीसाठी मुंबईत येऊ लागले. तेव्हा आपण इथले मूळचे, हे दाखवण्यासाठी यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली त्या प्रसंगी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले आणि आपली संस्था स्थापन केली. ज्यांना हा सगळा प्रकार परका वाटत असेल त्यांनी आपल्याच जिल्ह्यात कोर्लईला जावे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली अजून घराघरांत ऐकू येते.

आता वाडीत शिरू. जगन्नाथ शंकरशेट रस्त्याच्या गर्दीतून आत वळले, की गल्ली अंगावर येते इतकी अरुंद. दोन्ही बाजूंना लाकडी घरे, उतरती कौलारू छपरे, समोर उघडी पडवी, कठड्याला नक्षी, आणि वरच्या मजल्यावर जायला घराच्या बाहेरून जिना. रंग तर असे, की निळ्याशेजारी पिवळे आणि पिवळ्याशेजारी तांबडे. मी विद्यार्थ्यांना तिथे नेले तेव्हा कशेळ्याकडचा एक मुलगा पटकन म्हणाला, “सर, हे तर आपल्याच घरासारखं आहे, फक्त रंगवलंय!” त्याचे म्हणणे खरे होते. पाऊस कोकणातलाच असल्यामुळे छपराला उतार हवाच. पडवीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचे ही रीतही तीच. वसाहतीच्या काळातली नक्षी वर चढली एवढेच.

ही पडवी नीट ध्यानात घ्या, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ तिच्यात आहे. ज्या घराला पडवी असते त्या घराचा माणूस गल्लीत काय चालले आहे ते पाहतो. कोण आजारी आहे, कोणाकडे पाहुणे आले, कोणाचे पोर रस्त्यावर रडते आहे, हे त्याला न विचारता कळते. शेजार राखायला आधी शेजार दिसावा लागतो.

वाडी एकाच धर्माची राहिली असेही नाही. मराठी हिंदू कुटुंबे तिथे राहत आली. गोमंतकी जेवणासाठी प्रसिद्ध असलेली अनंताश्रम ही खानावळ याच वाडीत होती; आता ती बंद झाली. जवळच केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालू आहे. भाद्रपदात आरत्यांचे आवाज आणि डिसेंबरात घरोघरी टांगलेले ताऱ्यांचे कंदील, हे एकाच परिसरातले एकाच वर्षातले देखावे आहेत.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत रोग ओळखला, आणि पाहता पाहता शहर ओस पडू लागले. त्या दिवसांत मुंबईतल्या ख्रिस्ती वस्त्यांत गल्लीच्या तोंडाशी, चौकात, क्रूस उभे राहिले. लोक घराजवळच जमून प्रार्थना करीत. यांतले कित्येक क्रूस आजही उभे आहेत. त्यांना चुना लावायचा, फुले घालायची, दिवा लावायचा, हे काम गल्लीतल्या लोकांनीच पिढ्यान्‌पिढ्या केले. पगारी माणूस नाही, वेतन नाही. पुढे ‘रहिवासी संघ’ म्हणून ज्या संस्था निघाल्या, त्यांची पहिली बैठक अशा क्रूसाच्या पायरीवर भरली होती असे मी म्हटले, तर ते फारसे चुकीचे ठरू नये.

प्लेगचा दुसरा परिणाम उलट दिशेचा झाला. १८९८ साली सरकारने मुंबई सुधार न्यास स्थापन केला. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, हवा खेळती करायची, असा त्याचा हेतू. हेतू वाईट नव्हता. पण नकाशावर रेघ ओढणाऱ्याला त्या रेघेखाली कोणाची पडवी जाते हे दिसत नसते. जुन्या मुंबईचे पुष्कळ पाडे-पाखाड्या त्या काळात आणि त्यानंतर पुसल्या गेल्या. खोताची वाडी राहिली.

मात्र जी वाडी प्लेगातून आणि रस्त्याच्या आखणीतून वाचली, ती जागेच्या भावापुढे झुकू लागली. एकेकाळी इथे पासष्टच्या आसपास घरे होती असे सांगतात. आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. यात खलनायक शोधायला गेलात तर तो सापडणार नाही. आजोबांचे एक घर, त्याचे वारस सात. दोघे परदेशी, एक वसईला, एक अंधेरीला. लाकडाला वाळवी लागलेली, कौले दर पावसाळ्याआधी शाकारायची, सुतार मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. अशा वेळी कोणीतरी येतो आणि जागेचे इतके पैसे देऊ करतो, की सात वारसांची सात घरे होतील. यात नाही म्हणणारा माणूस विरळा. एक घर जाते, तिथे उंच इमारत येते, शेजारच्या दोन घरांचे ऊन-वारे अडते, आणि मग तीही विकायला निघतात.

१९९५ साली मुंबईसाठी वारसा नियमावली झाली. जुन्या महत्त्वाच्या इमारती आणि वस्त्या यांची यादी करायची, त्यांत बदल करायचा तर समितीचा सल्ला घ्यायचा, अशी ती व्यवस्था. आपल्या देशात असा प्रयत्न तेव्हा नवा होता. तिचा उपयोग झाला, हे मान्य केलेच पाहिजे. पण कायदा काय करतो? घर पाडू नकोस, एवढे तो सांगतो. कौल फुटले तर ते बदलायला तो शिडीवर चढत नाही.

ते काम वाडीतल्या माणसांनी अंगावर घेतले. ‘खोताची वाडी वेल्फेअर अँड हेरिटेज ट्रस्ट’ या नावाची रहिवाशांची संस्था उभी राहिली. वेशभूषाकार म्हणून नाव कमावलेले जेम्स फरेरा हे याच वाडीतले. आपल्या पिढीजात घरातच राहून त्यांनी वर्षानुवर्षे या कामाचा पाठपुरावा केला. त्यांच्याबरोबर कितीतरी बिननावाची माणसे आहेत. नोकरी सांभाळून संध्याकाळी बैठक घ्यायची, उंच इमारतीचा बेत कळला की हरकतीचा अर्ज लिहायचा, महापालिकेत खेपा घालायच्या, वर्तमानपत्रांना बोलवायचे, आलेल्या पाहुण्यांना वाडी हिंडून दाखवायची, नाताळात सगळी गल्ली मिळून सजवायची. वाडीचा उत्सवही त्यांनी भरवला: गाणे, खाणे, जुन्या वस्तू. लोकांना वाडी आवडली तर ती राखण्यासाठी चार आवाज वाढतील, हा त्यामागचा हिशेब.

तुम्ही म्हणाल, यात मोठे ते काय? अर्ज तर आपणही लिहितो. बरोबर आहे. पण हा अर्ज कोणा एकाच्या घरासाठी नसून शेजाऱ्याच्या घरासाठी लिहिलेला असतो, यातच सगळे आले.

माझगावात अशीच एक वस्ती आहे, म्हातारपाखाडी. ‘पाखाडी’ हा शब्दही आपलाच. काका बाप्टिस्टा म्हणून सर्वांना ठाऊक असलेले बॅरिस्टर जोसेफ बाप्टिस्टा यांचा जन्म १८६४ साली तिथला. ते लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी. १९१६ साली टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली तेव्हा तिचे अध्यक्षपद काकांकडे दिले. १९२५ साली ते मुंबईचे महापौर झाले. शिक्षक बंधूंनी मुलांना हे अवश्य सांगावे, की स्वराज्याच्या चळवळीचा एक मोठा माणूस अशा चिमुकल्या पाखाडीत वाढला. त्या पाखाडीतही रहिवाशांनी आपला संघ करून जुनी घरे टिकवण्याची खटपट चालवली आहे. घरे पाडली तर पुतळा कुठेही उभारता येईल. पण तो माणूस कोणत्या अंगणात खेळला, हे मुलांना दाखवता येणार नाही.

या संस्थांचे मी नुसते गोडवे गाणार नाही. त्यांच्या हातात सत्ता नाही. मालकाने विकायचे ठरवले तर ते विनवू शकतात, अडवू शकत नाहीत. आणि विकणाऱ्यालाही दोष देणे सोपे नाही. पावसात गळणाऱ्या घरात म्हाताऱ्या आईला ठेवून, तुम्ही हा वारसा जपा, असे बाहेरच्याने सांगणे शोभत नाही. पाहायला येणाऱ्यांचाही उपद्रव होतो. लोक परक्याच्या पडवीत शिरून छायाचित्रे काढतात. वस्ती म्हणजे संग्रहालय नव्हे, तिथे माणसे राहतात, हे पाहुण्यांना वारंवार सांगावे लागते.

आता आपल्या गावाकडे वळू. कोणी म्हणेल, आमच्याकडे गावकी आहेच की! आहे. विहीर उपसणे, होळीची लाकडे, देवळाचा पाखर, पालखी, बांध घालणे, ही कामे गावकीने शतकानुशतके केली. कोकणचे गाव टिकले ते तिच्यामुळे. पण इतिहास सांगायचा तर पुरा सांगावा. याच गावकीने कितीदा माणसे वाळीतही टाकली. पाणी बंद, किराणा बंद, बोलणे बंद. आपल्या रायगड जिल्ह्यातून अशी इतकी प्रकरणे पुढे आली, की महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. तो २०१७ पासून अमलात आहे. खोताच्या वाडीच्या संस्थेत आणि जुन्या गावकीत मला हाच फरक दिसतो. तिथे माणूस आपण होऊन येतो, आणि नाही आला तर त्याचे पाणी तुटत नाही. गावकीची मेहनत घ्यावी आणि तिचा दंडुका टाकून द्यावा, असे मला वाटते. ग्रामपंचायत आहे, ग्रामसभा आहे, तिचे काम तिने करावे. पण पंचायतीच्या दप्तरात न बसणारी पुष्कळ कामे गावात असतात, आणि ती शेजाऱ्यांनाच करावी लागतात.

हे मी कोणत्या तोंडाने सांगतो, तेही सांगून टाकतो. शिळफाट्यापासून पाऊण तास पायी गेले की माझे गाव. तिथे आमचे जुने घर होते, आणि चार घरांत मिळून एक विहीर. दरवर्षी अक्षय तृतीयेच्या आधी चार घरांतले पुरुष विहिरीत उतरत, बायका वर घमेली ओढत, आणि संध्याकाळी सगळ्यांचे जेवण एका ओटीवर होई. वडील गेल्यावर आम्ही भावंडांनी घर विकले. कागद रीतसर झाले, पैसे चोख मिळाले, घेणाऱ्याने आम्हांला फसवले नाही. त्याने कुंपण घातले. तो सुट्टीपुरता येतो. पुढच्या वैशाखात शेजारच्या काकू मला बाजारात भेटल्या. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “यंदा गाळ काढायला माणसं कमी पडली रे भाऊ. राहिलाच तो.” त्यानंतर तो कधी निघालाच नाही. पुढे दुसरे घर गेले. विहीर आहे, तिच्यात पाणी आहे, पण ते आता कोणी पीत नाही.

घर माझे होते, ते विकण्याचा मला अधिकार होता. विहिरीतला माझा चौथा हिस्सा मात्र कोणत्याच कागदावर नव्हता, म्हणून तो मी विकला हे माझ्या ध्यानातही आले नाही. खोताच्या वाडीच्या पडव्या पाहताना ते ध्यानात आले, आणि उशीर झाला होता.

वाडी एका रात्रीतही जाते, हे आपण विसरू शकत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीवर दरड आली. सत्तावीस मृतदेह हाती लागले; सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत. पायथ्याच्या गावचे लोक आणि डोंगर हिंडणारी स्वयंसेवक मंडळी त्या काळोखात, चिखलात वर चढली. वाचलेल्यांना चौकजवळ तात्पुरत्या निवाऱ्यात एकत्र ठेवले. घरे गेली, तरी राहिलेली माणसे एकमेकांच्या नजरेसमोर राहिली, हे फार मोलाचे झाले. डोंगर कोसळतो तेव्हा आपण धावतो. एकेक घर हळूहळू उठून जाते तेव्हा मात्र कोणी धावत नाही, कारण त्याचा आवाज होत नाही.

म्हणून शेवटी थोडे कामाचे बोलतो. शिक्षक बंधुभगिनींनो, या उन्हाळ्यात मुलांकडून आपल्या गावाची एक वही करून घ्या. गावात जुनी घरे किती, विहिरी किती, कोणत्या पाण्याच्या आणि कोणत्या गाळाच्या. वाटांची, शेतांची, झाडांची नावे काय. देवळाचा दिवा कोण लावतो. म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. खोपोलीला नाना फडणविसांनी बांधलेला तलाव आणि काठचे महादेवाचे देऊळ आहे. ज्या माणसाने पुण्याहून मराठ्यांचा कारभार हाकला, त्याने घाटाच्या पायथ्याशी वाटसरूंच्या पाण्याची सोय केली. मुलांना तिथे न्या आणि विचारा, ज्याने बांधले त्याचे नाव तर आपल्याला ठाऊक आहे; पण त्यानंतर सव्वादोनशे वर्षे हा तलाव ज्यांनी राखला, गाळ काढला, पायऱ्या झाडल्या, त्यांची नावे कोणाला येतात?

आणि गावकरी मंडळींनो, आपल्या आळीत पाचच माणसे जमवा. नोंदणी, शिक्का, हार, अध्यक्ष यांची घाई करू नका. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी ओटीवर बसा आणि एकच प्रश्न घ्या: या महिन्यात आपण सगळ्यांचे असे काय बिघडले आहे? एक पायरी असेल, एक दिवा असेल, एक विहीर असेल. तेवढे करा. कोणी घर विकायला काढले तर त्याला दोष देऊ नका. त्याच्याकडे जा, आणि घराबरोबर आणखी काय जाते आहे तेवढे त्याला सांगा. मला ते कोणी सांगितले असते, तर मी घर विकले नसतेच असे नाही. पण विहिरीचा गाळ काढायला दरवर्षी मी नक्की आलो असतो.